बसबारच्या भावावरून एक प्रश्न: नवीन तांबं सापडत का नाही?

पॅनेलवाला_अंबरनाथ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज लिहायची वेळ आली.

अंबरनाथला आमचा एलटी पॅनेल (कमी दाबाच्या विजेची वाटप-पेटी) बनवायचा छोटा कारखाना आहे. पॅनेलमध्ये पैसा खाते ती बसबार, म्हणजे तांब्याची पट्टी. पूर्वी पार्टीला कोटेशन दिलं की महिनाभर बघायला नको. आता सप्लायर म्हणतो, "साहेब, आजचा भाव आजच. उद्याचं उद्या फोन करून विचारा." परवा एका कामाचं कोटेशन मंजूर होऊन येईतो पट्टी एवढी चढली, की मजुरी आमच्याच खिशातून गेली. मोठ्या कंपन्या टेंडरात आयईईएमएचं (वीज-उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना) प्राइस व्हेरिएशन कलम घालून घेतात, म्हणजे कच्चा माल चढला की बिलही चढतं, त्यांचं भागतं. आमच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ठळक अक्षरात "रेट फर्म", भाव बदलणार नाही. वाद घालायला गेलं की पुढचं काम दुसऱ्याला.

तर प्रश्न असा. २०२४ च्या मे महिन्यात लंडनच्या धातू बाजारात तांब्याचा भाव टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेला, २०२५ मध्ये तो उच्चांकही मोडला. कांद्याला असा भाव आला तर पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो आणि भाव कोसळतो. तांब्याचं तसं का होत नाही? नव्या खाणी का निघत नाहीत? की खरंच संपत आलंय?

शिवाय हल्ली उठसूट वाचायला मिळतं की एआय आता जमिनीखालचं तांबं शोधून देणार. यात तथ्य किती आणि हवा किती?

आणि एक घरचा मामला. पुतणी पुण्यात बीएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, एक्स्प्लोरेशनमध्ये जायचं म्हणते. दादा-वहिनींचं म्हणणं, रानावनात कुठे फिरणार, एमबीए कर. मध्यस्थी माझ्या गळ्यात आलीय. जाणकारांनी जरा उजेड पाडावा.

ता.क. अख्ख्या सह्याद्रीत एवढा दगड, त्यात कुठेच तांबं कसं नाही? हे पुतणीला विचारलं तर ती नुसती हसली.

भावफलक

जमिनीवरचं मी सांगतो, जमिनीखालचं जाणकार सांगतील.

खाणवाला विकतो ती तांब्याची पूड, कॉन्सन्ट्रेट. तिच्यात तांबं २५-३० टक्के. ही पूड स्मेल्टरकडे, म्हणजे तांबं वितळवणाऱ्या भट्टीवाल्याकडे जाते आणि स्मेल्टर वितळवून शुद्ध करायची मजुरी कापून घेतो. या मजुरीचा वार्षिक दर २०२४ साली टनाला ८० डॉलर ठरला होता. २०२५ साली तो २१.२५ डॉलरवर आला. हजर बाजारात तर शून्याखाली गेला, म्हणजे माल मिळावा म्हणून स्मेल्टरनेच वरून पैसे मोजायचे! मग ते तगतात कशावर? सल्फ्युरिक ॲसिड विकून, पुडीतल्या सोन्या-चांदीवर, आणि चीनमध्ये असतील तर इतर आधारांवर.

असं झालं कारण भट्टी दोन-तीन वर्षांत उभी राहते. चीनने धडाधड उभारल्या. आपल्याकडे गुजरातेत दहेजची होतीच, २०२४ मध्ये मुंद्र्याला वर्षाला ५ लाख टनांची नवी सुरू झाली. भट्ट्या वाढल्या, पूड मात्र तेवढीच.

जगभरच्या खाणींतून वर्षाला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास तांबं निघतं. त्यातली चौथाईच्या आसपास एकटी चिली देते. २०२३ च्या नोव्हेंबरात पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने कोब्रे पनामा खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला आणि जगाचं एक-दीड टक्का तांबं एका निकालात थांबलं. २०२५ तर विचारूच नका. मे महिन्यात काँगोच्या काकुलात हादरे बसून खाणीत पाणी भरलं. जुलै संपता संपता चिलीच्या एल तेनिएन्तेमध्ये बोगदा कोसळून ६ कामगार गेले. सप्टेंबरात इंडोनेशियाच्या ग्रासबर्गमध्ये ओला चिखल आत घुसला, ७ जण गेले. बाजार एवढा ताणलेला असताना एक मोठी खाण बसली की अंबरनाथचा सप्लायर "आजचा भाव आजच" म्हणणारच.

कोअरबॉक्स

भावफलक, चोख सांगितलंत. आता खालचं.

मी नागपूरचा. उभी नोकरी ड्रिलिंग रिगच्या, म्हणजे बोअर मारायच्या यंत्राच्या मागे आणि बोअरमधून निघालेला दगड, म्हणजे कोअर, तपासायच्या शेडमध्ये गेली, आता निवृत्त. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पॅनेलवाले भाऊ, तांबं संपत आलेलं नाही. १९७० साली जगाचा तांब्याचा साठा २८ कोटी टन धरला होता. त्यानंतर जगाने त्याच्या दुपटीहून जास्त तांबं काढलं, आणि आज साठ्याचा आकडा १०० कोटी टनांना टेकला आहे. हे कसं? कारण आमच्या भाषेत साठा म्हणजे बोअर मारून, तपासून, आजच्या भावात काढणं परवडेल असं सिद्ध झालेलं तेवढंच. चाळीस वर्षांनी लागणाऱ्या मालासाठी आज बोअरचा खर्च कोणी करत नाही.

अडतं ते काळावर. कांदा चार महिन्यांत निघतो. चिलीची एस्कोंदिदा, जगातली सगळ्यात मोठी तांब्याची खाण, डेव्हिड लोवेल आणि त्यांच्या चमूला १९८१ साली सापडली आणि १९९० मध्ये सुरू झाली. नऊ वर्षं. तेव्हा हे ठीकठाक वाटायचं, आज कोणी नऊ वर्षांत करून दाखवलं तर त्याची मिरवणूक काढतील. काँगोची कामोआ २००८ ला सापडली, पहिली पूड २०२१ मध्ये निघाली, आणि तिला अजून "झटपट" म्हणतात. ॲरिझोनातली रिझोल्यूशन १९९५ साली सापडली. दीड-दोन किलोमीटर खोल, भरगच्च माल, पण वरची जमीन अपाचे लोकांच्या देवाची. तीस वर्षं झाली, कोर्टकचेऱ्या चालल्यात, त्या साठ्यातून अजून उत्पादन नाही. मला अपाचे लोकांचं म्हणणं पटतं, ते वेगळं. आज भाव वाढला म्हणून आज शोधायला निघालात, तर त्या तांब्याची पट्टी तुमच्या पुतणीच्या मुलांच्या पॅनेलला लागेल.

त्यात शोध लागणंच आटलंय. एस अँड पी या बाजाराची माहिती गोळा करणाऱ्या कंपनीने १९९० ते २०२३ मधले तांब्याचे २३९ मोठे शोध मोजले. त्यांतले शेवटच्या दहा वर्षांतले किती? १४. पैसा खर्च होत नाही असं नाही, पण तो बहुतेक चालू खाणीच्या कुंपणाला लागूनच खर्च होतो. तिथे बोअर मारला तर काहीतरी निघतंच, आणि संचालक मंडळापुढे तोंड दाखवता येतं. कोऱ्या जागी जाऊन दहा बोअर रिकामे मारायची छाती फार थोड्यांची.

दुसरं म्हणजे जे डोळ्यांना दिसत होतं ते सगळं सापडून झालं. तांबं उघडं पडलं की दगडावर हिरवा मॅलाकाइट उतरतो, गंजलेल्या लालसर टोपीखाली ते लपलेलं असतं. आपल्या पूर्वजांनी राजस्थानात खेत्रीला, झारखंडात सिंहभूमला असे हिरवे डाग बघून शेकडो वर्षांपूर्वी खणून ठेवलंय. मध्य प्रदेशातली आमची मलांजखंडची खाणही टेकडीच होती, वर तोंड काढून बसलेली. बैहरवरून पुढे गेलात की आता टेकडी नाही, तिच्या जागी प्रचंड खड्डा दिसतो, आणि त्याखाली भूमिगत खाण. आता उरलंय ते माती, वाळू, लाव्हा यांच्या पांघरुणाखाली. वरून काही कळत नाही.

मग कसं शोधायचं? एक पद्धत सांगतो, आमची रोजची, आयपी सर्व्हे. दोन लोखंडी सळ्या जमिनीत ठोकून करंट सोडायचा, मधे मातीची सच्छिद्र भांडी पुरून व्होल्टेज मोजायचं. भांड्यांत असतं मोरचुदाचं पाणी, म्हणजे तांबं शोधायलाही आधी तांबंच लागतं! करंट बंद केला की साध्या दगडात व्होल्टेज पटकन शून्यावर येतं. खाली सल्फाइड, म्हणजे धातू आणि गंधकाचं खनिज, असेल तर ते हळूहळू उतरतं, जणू जमिनीने थोडी वीज धरून ठेवली. नकाशावर तो भाग लाल रंगवला की साहेब खूश. मग रिग चढवायची, पाण्याचा टँकर लावायचा, गावच्या पाटलाला समजावायचं की आम्ही पाण्याचा बोअर मारत नाही. ते कोणाला पटत नाही, ते सोडा.

आणि दोनशे मीटरवर काय निघतं? ग्राफाइटचा शिस्ट. काळाकुट्ट, हाताला पेन्सिलसारखा लागणारा. तोही वीज तशीच धरतो. आयपीला दोघांतला फरक कळत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात ग्राफाइटने किती रिगा नाचवल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्यात कोणाची चूक नसते, धंदाच तसा आहे.

माल लागला तरी शेडमध्ये टाळ्या वाजत नाहीत. कोअर म्हणजे दोन इंचांना किंचित कमी जाडीचा दगडाचा दांडा, पेटीत ओळीने मांडलेला. मग्याने पाणी ओतायचं, ओल्या कोअरवर रंग उठून दिसतो. पिवळा ठिपका दिसला की चाकूचं टोक लावायचं. ओरखडा उठला नाही तर पायराइट, निव्वळ लोखंड आणि गंधक. उठला आणि भुकटी हिरवट काळी निघाली तर चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं. अर्धा टक्का प्रतीच्या दगडात असे ठिपके शोधावे लागतात. टनात पाच किलो तांबं, बाकी ९९५ किलो दळून फेकायचं. जगातल्या बऱ्याच मोठ्या खाणी आज याच्याच आगेमागे चालतात. सव्वाशे वर्षांपूर्वी दोन टक्क्यांचा दगडही हलका समजायचे.

आता आपल्याकडचं, ज्यावर माझं डोकं तापतं.

आपली सरकारी कंपनी हिंदुस्थान कॉपर वर्षाला साधारण ३५ लाख टन दगड काढते. प्रत एक टक्क्याच्या आत. धातू हाती लागतो २५-३० हजार टन. दहेज आणि मुंद्र्याच्या भट्ट्यांना पूड लागते लाखो टनांच्या घरात. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पूड बाहेरून, चिली, पेरू वगैरे.

आपल्या जमिनीत नाही म्हणून? शोधल्याशिवाय कसं सांगणार! पूर्वी ज्याने शोधलं त्याला खाणपट्ट्यात प्राधान्य होतं. त्यात वशिलेबाजी झाली, नको त्यांना पट्टे मिळाले, हे खरंच. म्हणून २०१५ मध्ये कायदा बदलला आणि सगळं लिलावात गेलं. लोहखनिजाला, चुनखडीला लिलाव शोभतो, माल वर दिसतो. पण सहाशे मीटर खोलच्या तांब्याचा लिलाव कसला करता? आधी कोणीतरी बोअर मारायला हवेत. आणि मी बोअर मारून शोधलं, नंतर लिलावात दुसराच घेऊन गेला, तर मी काय धर्मादाय काढलाय? खासगी माणूस फिरकला नाही. भार पडला जीएसआयवर, म्हणजे सरकारी भूवैज्ञानिक खात्यावर, आणि आमच्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या एमईसीएल या सरकारी खनिज-शोध कंपनीवर. ही माणसं वाईट नाहीत, मी त्यांच्यातच वावरलो. पण सरकारी खात्यात रिकाम्या बोअरवर ऑडिटच्या आक्षेपाचा पॅरा निघतो, आणि रिकामे बोअर मारल्याशिवाय भरलेला सापडत नाही. त्यामुळे जो तो माहीत असलेल्या जागेच्या आसपास घुटमळतो.

२०२३ च्या दुरुस्तीत एक्स्प्लोरेशन लायसन्स आलं, २९ खनिजांना, त्यात तांबं आहे. आता शोधणाऱ्याला पुढच्या खाणीच्या लिलावातल्या प्रीमियमचा (खाण घेणारा राज्याला देतो त्या बोलीच्या रकमेचा) हिस्सा मिळणार, आणि जो कमीत कमी हिस्सा मागेल त्याला लायसन्स. २०२५ च्या मार्चमध्ये गोव्यात अशा पहिल्या १३ ब्लॉकांचा लिलाव पुकारला. खर्चाचा काही भाग परत करायच्या योजनाही आल्यात. दिशा बरोबर आहे. पण हिस्सा मिळणार कधी? तुम्ही शोधलं, राज्याने लिलाव केला, घेणाऱ्याने परवाने मिळवले, खाण सुरू झाली, मग. तोवर रिगचं बिल कोण भरणार, हा प्रश्न तसाच आहे. मी अजून साशंक आहे.

एआयचं. झांबियातल्या मिंगोम्बाचं नाव तुम्ही वाचलं असेल. कोबोल्ड नावाची अमेरिकी कंपनी, बिल गेट्स यांच्या फंडाचा पैसा, "एआयने तांबं शोधलं" अशा बातम्या २०२४ च्या फेब्रुवारीत झळकल्या. माल उत्तम आहे, तीन टक्क्यांच्या वर. पण तो साठा आधीच्या कंपन्यांच्या बोअरमधून माहीत होता, शेजारच्या लुबांबे खाणीचा विस्तार म्हणून. कोबोल्डने पुढे भरपूर बोअर मारून तो किती मोठा आणि किती भारी हे दाखवलं. बोअर कुठे मारायचा हे ठरवायला संगणकाची मदत होते, नक्की होते. पण संगणकाला खायला जुना डेटा लागतो, आणि शेवटी खात्री कोअरच देतो.

पुतणीचं लिहायला आता बोटं दुखायला लागली. उद्या लिहितो.

वायंडिंग_सांगली

कोअरबॉक्स काका, एका दमात वाचलं. वाचनखूण साठवली.

पॅनेलवाले, तुमची पट्टी, आमची तार. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, उसाच्या पट्ट्यात. रात्रीची लाइट, व्होल्टेज कमी, सकाळी शेतकरी मोटार ट्रॉलीत घालून दारात. पाच एचपीच्या मोटारीला चार-पाच किलो तार लागते. पूर्वी मजुरी जास्त आणि तार कमी असं बिल असायचं, आता निम्म्याहून जास्त बिल तारेचं. जळकी तार मोडीत जाते, तिचा भाव बिलातून वजा करतो. त्यामुळे शेतकरी आता जळकी तार समोर तोलून मागतात. पूर्वी कोणी विचारत नव्हतं.

"ॲल्युमिनियम भरून द्या" असं म्हणणारेही वाढलेत. तांब्याच्या मानाने ॲल्युमिनियममधून वीज साठ टक्केच जाते, म्हणून तार जाड घ्यावी लागते, आणि स्टेटरचा गाळा तर तेवढाच. बसवायची कुठे? बसवली तर मोटार तापते आणि पुढच्या हंगामात परत माझ्याच दारात. मला काय, धंदाच आहे. पण पाण्याअभावी ऊस वाळला तर शिव्या मलाच. नवीन डीपीमध्ये, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र ॲल्युमिनियमची कॉइल सर्रास येतेय. एक फायदा झाला, डीपी फोडून कॉइल नेणाऱ्या चोरांचा उत्साह जरा ओसरला.

माझा प्रश्न: जुन्या तांब्यावर का भागत नाही? आमच्याकडची एक ग्रॅम तार वाया जात नाही.

भावफलक

@वायंडिंग_सांगली, भागतं की, पण अर्धंमुर्धंच. जगात वापरल्या जाणाऱ्या तांब्यातलं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भंगारातून येतं. अडचण अशी की तांबं एकदा भिंतीत, केबलीत, ट्रान्सफॉर्मरमध्ये गेलं की तीस-चाळीस वर्षं तिथेच राहतं. आज जे भंगार येतं ते १९९० च्या आसपास बसवलेलं, आणि तेव्हा जग आजच्या निम्म्याहूनही कमी तांबं वापरत होतं. त्यात विजेवरच्या एका गाडीला ८० किलोच्या आसपास तांबं लागतं, पेट्रोलच्या गाडीला २०-२५. मोड कितीही जपून तोलली तरी वाढीव मागणी भंगारातून निघणार नाही.

मिऱ्याखालची

सगळे खाणींबद्दल बोलताहेत, पण तांब्याची दुसरी बाजू आम्ही रत्नागिरीकरांनी पाहिलीय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तांब्याचा स्मेल्टर आमच्या शहराला लागून येणार होता. जमीन दिली होती, बांधकाम सुरू होतं. मी तेव्हा कॉलेजात. आंबा बागायतदार, मच्छीमार, दुकानदार, कधी रस्त्यावर न आलेल्या बायका, सगळे उतरले होते. हापूसच्या मोहराला गंधकाचा धूर लागला तर काय, हा एकच प्रश्न घरोघर. १९९३ मध्ये काम थांबवावं लागलं.

प्रकल्प गेला तुतीकोरिनला. तिथे २०१८ च्या मे महिन्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, गोळीबारात १३ माणसं मेली आणि वर्षाला ४ लाख टनांचा कारखाना बंद झाला. शुद्ध तांबं निर्यात करणारा आपला देश त्यानंतर आयात करू लागला.

मला कोणी विकासविरोधी म्हणेल, खुशाल म्हणा. आम्ही नको म्हटलं म्हणून ते दुसऱ्यांच्या दारात गेलं, याची टोचणी आहेच. पण "तांबं हवं" म्हणणाऱ्यांनी धूर कोणाच्या अंगणात, हेही त्याच दमात सांगावं. कोअरबॉक्स साहेब, उशीर होतो म्हणता, त्या उशिरातला काही उशीर लोकांनी प्रश्न विचारल्यामुळे होतो, आणि तो व्हायलाच हवा.

पर्थकर

ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून. मूळचा जळगावचा, इथे एक्स्प्लोरेशन कंपन्यांना ड्रिलिंगचा डेटा सांभाळून देतो.

कोअरबॉक्स सरांच्या "रिकाम्या बोअरचं बिल कोण भरणार" वर: इथलं राज्य सरकार २००९ पासून निवडक बोअरच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत भाग उचलतं, ठरावीक मर्यादेत. बोअर रिकामा निघाला तरी. त्याबद्दल डेटा सरकारजमा होतो आणि काही काळाने सगळ्यांसाठी खुला. पुढचा गडी त्याच जागी आंधळेपणाने पुन्हा बोअर मारत नाही. कोअर फेकून देत नाहीत, पर्थला आणि कालगुर्लीला सरकारी कोअर लायब्ररी आहेत. टेबलावर कोणाचा तरी जुना कोअर मांडून बसलेली तरुण पोरं तिथे बघायला मिळतात.

आणि इथे पाच-सहा माणसांच्या कंपन्या शेअर बाजारात उतरतात. बहुतेक बुडतात. लोक पैसे घालतात ते बुडणार हे धरूनच. आपल्याकडे भांडवल नाही असं नाही, या प्रकारच्या बुडण्याची सवय नाही.

कोअरबॉक्स

@मिऱ्याखालची ताई, तुमचं म्हणणं मान्य. माझा राग वेगळ्या उशिरावर आहे. लोकांनी प्रश्न विचारला म्हणून लागलेली वर्षं मी उशिरात धरत नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला जी वर्षं लागतात, ती धरतो. मलांजखंडच्या शेजारी कान्हाचं जंगल आहे. उद्या तिथे आणखी माल सापडला तरी खणू नये असंच मी म्हणेन, आणि हे म्हणणारा मी काही संन्यासी नाही, माझं पेन्शन खनिजातूनच आलंय.

@पर्थकर, कोअर लायब्ररीचं वाचून जळफळाट झाला. एका जुन्या कॅम्पवर पत्रे उडालेल्या शेडमध्ये कोअरच्या पेट्या वाळवीने खाल्लेल्या मी पाहिल्यात. लाकूड गेलं की कोअर एकमेकांत मिसळतो, कुठला मीटर कुठला ते कळत नाही, म्हणजे लाखोंचा बोअर परत दगड झाला. कोणाचा कॅम्प ते लिहीत नाही. आता निदान डेटाचं बरं चाललंय. २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार सुरू झालं, जीएसआयचे नकाशे, भूभौतिकीची मोजमापं घरबसल्या मिळतात. आम्हाला याच नकाशासाठी अर्ज करून महिना थांबावं लागायचं.

तर पॅनेलवाले भाऊ, पुतणीला सांगा: एमएस्सी करच, त्याशिवाय यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देता येत नाही. जिऑलॉजीबरोबर भूभौतिकी आणि थोडं पायथन शिकून घे. पांघरुणाखालचं शोधायचं तर नुसता हातोडा पुरत नाही. आत्तापासून त्या भांडारातून एखादा पट्टा उतरवून घे आणि त्यावर काम कर, मुलाखतीत ते बोलेल. कामाची टंचाई मला दिसत नाही. तांबं आता देशाच्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आहे, झांबियाने तर ९ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा तांबं-कोबाल्ट शोधायला भारताला दिलाय. दादा-वहिनींना सांगा, कॅम्पवर मुलींची सोय आमच्या काळी नव्हती, आता पुष्कळ सुधारलीय. पण पूर्ण सुधारलीय असं सांगून त्यांना फसवू नका. कॅम्पवर जायच्या आधी शौचालय आणि गाडी या दोन गोष्टी तिने विचारून घ्याव्यात, लाजू नये.

पॅनेलवाला_अंबरनाथ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा पुतणीला पाठवला. पायथनचं वाचून दादा जरा निवळला, म्हणाला मग आयटीतही जाता येईल. पुतणीने डोक्याला हात लावला.

तिचा उलट प्रश्न आलाय, जसाच्या तसा देतो: "काकांना विचार, ट्रॅपच्या खाली असेल ना? मग महाराष्ट्रात ट्रॅपमधून खाली बोअर का मारत नाहीत?"

कोअरबॉक्स

पोरगी हुशार आहे. तुमचा सह्याद्रीचा प्रश्नही यातच सुटतो.

सह्याद्रीचा दगड, ज्याला आम्ही ट्रॅप म्हणतो, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. थरावर थर पसरत गेला. तांबं गोळा व्हायला खालून गरम पाणी यावं लागतं, भेगा लागतात, गंधक लागतं, आणि हे सगळं एका जागी लाखो वर्षं चालावं लागतं. तशी भट्टी आपल्या ट्रॅपमध्ये फारशी जमली नाही. कुठे बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाच्या पोकळीत तांब्याचा कण मिळतो, तो काचेच्या कपाटात ठेवायचा.

खाली मात्र जुना खडक आहे, तसाच जसा पूर्वेला उघडा दिसतो. तिथे काय आहे हे कोणालाच माहीत नाही. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी रासाटीजवळ बोअर मारला तेव्हा ९३२ मीटर नुसता बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. म्हणजे खालचा खडक नुसता बघायलाच जवळपास एक किलोमीटर. त्यातून तांबं शोधायचं तर असे कितीतरी बोअर लागतील. एवढा पैसा कोणी घालणार नाही, आणि घालू नये.

पण ट्रॅप पूर्वेकडे पातळ होत जातो आणि आमच्या नागपुरात संपतो. सीताबर्डीची टेकडी ट्रॅपची, आणि शहराच्या पूर्वेला गेलात की ग्नाइस, म्हणजे तो जुना खडक लागतो. त्याच्याही पुढे नागपूर जिल्ह्यातच पुलर-परसोडी आणि खाली चंद्रपुरात ठाणेवासना, इथे तांबं असल्याचं जीएसआयने फार पूर्वीच दाखवलंय. साठे लहान आहेत, मलांजखंडच्या पासंगालाही पुरणार नाहीत. पण ट्रॅपची कड जिथे शंभर-दोनशे मीटर जाड आहे, तिच्या खाली हाच खडक पश्चिमेला सरकत गेलाय. बोअर मारायचाच असेल तर तिथे. विमानातून घेतलेली चुंबकीय मोजमापं त्या भांडारात बघ म्हणावं, जुन्या खडकातल्या भेगा ट्रॅपखाली कुठवर जातात ते काढ. एमएस्सीच्या प्रबंधाला विषय झाला.

यायचं असेल तर कळव, दगड दाखवायला मी येतो. फक्त नोव्हेंबरनंतर. पावसाळ्यात तिकडची काळी माती रिगला काय, जीपलाही सोडत नाही.